रविवारची उपासना चुकते आणि शेजारणीची सेवा घडते: यात पहिली आज्ञा मोडते का?

प्रश्न : रास्ता पेठेतील एक भगिनी

सर्वांना प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर ८१ वर्षांच्या एक काकू एकट्या राहतात. त्यांना कंपवाताचा आजार आहे. यजमान वारले, मुलगा परदेशी असतो आणि तो खर्चात काही कमी पडू देत नाही. सोमवार ते शनिवार त्यांच्याकडे एक मावशी येतात, रविवारी मात्र त्यांची सुट्टी असते, आणि जूनपासून ती रविवारची सकाळ माझ्याकडे आली आहे. कोणी सोपवली असे नाही. एकदा जिन्यातून जाताना 'कोणी आहे का?' अशी हाक ऐकू आली, आत गेले तर त्या पलंगाच्या कडेला अवघडून बसल्या होत्या, आणि तेव्हापासून मी जाते. साडेसातची गोळी चुकली की त्यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. गोळी लागू पडेपर्यंत थांबायचे, मग अंघोळ, मग नाश्ता, असे करता करता दहा वाजतात. आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, मराठी उपासना साडेआठला असते.

गेल्या आठवड्यात मंडळीतल्या एका ज्येष्ठ भगिनींनी मला सर्वांसमोर विचारले की, देवापेक्षा शेजारीण मोठी झाली का, आणि तीही आपल्या मंडळीतली नसताना. त्यांना काय उत्तर द्यावे हे मला सुचले नाही. पूर्ण मनाने, पूर्ण जिवाने देवावर प्रीती करणे ही पहिली आज्ञा आहे, शेजाऱ्याची आज्ञा दुसरी आहे, हे मी संडे स्कूलमध्ये लहान मुलांना शिकवत आले आहे. मग दुसरीसाठी पहिली बाजूला ठेवण्याचा अधिकार मला कोणी दिला?

याहून अवघड असे आणखी एक आहे, आणि ते मी कोणाजवळ बोललेले नाही. काकूंविषयी मला प्रेम वाटत नाही. त्यांच्या हाताला इतका कंप असतो की कप अर्ध्याच्या वर भरला तर चहा हिंदकळून बशीत आणि मग साडीवर येतो, म्हणून मी अर्धाच कप ओतते. त्यावर त्या दर रविवारी म्हणतात, 'एवढासाच?' मी समजावते आणि मनातून चिडते. असे चिडून केलेले काम देवाच्या दृष्टीने प्रीती ठरते का?

उत्तर : निवृत्त शिक्षक, खडकी

ताई, आधी दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण पहिल्याची गाठ मला तिथेच सुटताना दिसते.

'तू आपल्या शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर' हे वाक्य आपण शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात वाचतो, पण ते येशूने बायबलच्या जुन्या करारातील 'लेवीय' या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातून, अठराव्या वचनातून उचललेले आहे. तो अध्याय आपण एकदा सलग वाचावा, अशी माझी विनंती आहे. त्यात मनातल्या उमाळ्याविषयी फारसे काही सापडत नाही. शेताची कापणी करताना कडेचे पीक गरिबांसाठी आणि उपऱ्यांसाठी सोडावे, मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नये, बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नयेत, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये, वजने आणि मापे खरी असावीत, अशा रोजच्या व्यवहाराच्या गोष्टींच्या मधोमध ही आज्ञा बसलेली आहे. मूळ हिब्रूत एक बारकावा आहे. जुन्या करारातील 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवावर प्रीती करण्याची आज्ञा आहे, तिथे देव हे क्रियापदाचे सरळ कर्म आहे. लेवीयात मात्र 'शेजाऱ्याला', 'शेजाऱ्यासाठी' अशी चतुर्थीसारखी रचना येते, आणि काही अभ्यासक तिचा अर्थ 'शेजाऱ्याचे भले होईल असे वाग' असा लावतात. त्याच अध्यायाच्या चौतिसाव्या वचनात परदेशीयाविषयी हीच रचना पुन्हा येते, म्हणजे 'आपल्यातला' आणि 'आपल्यातला नसलेला' हा भेद त्याच अध्यायात मिटवलेला आहे. आपल्याला प्रश्न विचारणाऱ्या भगिनींना एवढे एक वचन वाचून दाखवले तरी पुरे आहे.

चहा अर्धा कप ओतणे हे मला या अध्यायातलेच एखादे वचन वाटते. त्या हाताला किती झेपते हे आपण पाहिले आहे, मोजले आहे, आणि बोलणी खाऊनही ते माप बदललेले नाही. चिडचिड होते ती देवाजवळ जरूर बोलावी. सतराव्या वचनात बंधूविषयी मनात द्वेष बाळगू नको, त्याला समज दे, असे सांगितले आहे, तेव्हा काकूंना समजावण्यातही काही चूक नाही. पण चीड आली म्हणून दिलेली गोळी आणि धरलेला हात खोटा ठरत नाही.

आता पहिला प्रश्न. मार्काच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात एका शास्त्र्याने, म्हणजे नियमशास्त्र शिकवणाऱ्या यहुदी पंडिताने, येशूला पहिली आज्ञा कोणती एवढेच विचारले होते. त्याने एक विचारली आणि येशूने दोन सांगितल्या. त्या शास्त्र्याने पुढे म्हटले की, अशी प्रीती सर्व होमांपेक्षा आणि यज्ञांपेक्षा अधिक आहे, आणि येशूने त्याला तू देवाच्या राज्यापासून दूर नाहीस, असे सांगितले. हे संभाषण, जिथे हे यज्ञ होत त्या यरुशलेमच्या मंदिराच्या आवारात चालले होते, हे विसरू नये. पहिली आणि दुसरी असा क्रम आहे खरा, परंतु तो एकीसाठी दुसरी टाकण्याचा क्रम नाही. योहानाच्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय तर सरळ विचारतो की, जो बंधू डोळ्यांना दिसतो त्याच्यावर प्रीती न करणारा मनुष्य न दिसणाऱ्या देवावर कशी करील.

उत्तर : केडगावशी जुने नाते असलेली एक वाचक

गुरुजींचे विवेचन मला पटते, तरी एक बाजू राहून गेली आहे असे वाटते, आणि ती मी केडगावला मुक्ती मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंच्या आधाराने मांडते.

रमाबाई इंग्लंडमध्ये असताना लंडनच्या फुलहॅम भागात समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी चालणारे काम त्यांनी पाहिले. अशा स्त्रियांना कोणी इतक्या मायेने वागवते याचे त्यांना नवल वाटले. तेथील एका भगिनीने त्यांना येशू आणि शोमरोनी (यहुदी ज्यांना परके मानत त्या समाजातील) स्त्री यांच्या भेटीची, योहानाच्या चौथ्या अध्यायातली गोष्ट वाचून दाखवली. म्हणजे शेजारप्रीतीचे काम पाहून त्या ख्रिस्ताकडे वळल्या, आणि १८८३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि १८९० मध्ये ते पुण्यात आले. विधवांना आसरा, शिक्षण, स्वतःच्या पायावर उभे राहण्याचे बळ, सगळे काही तिथे मिळत होते. तरीही आपल्या साक्षीत रमाबाई सांगतात की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण स्वतः ख्रिस्त सापडलेला नाही. हे त्या कधी म्हणतात ते पाहावे. हात रिकामे असताना नव्हे, तर पुण्यासारख्या शहरात, एवढ्या विरोधात, रात्रंदिवस शेजाऱ्याचे काम चाललेले असताना. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुलींना आणून केडगावला सांभाळण्याचे बळ त्यांना कुठून मिळाले याचा विचार मी जेव्हा करते, तेव्हा ख्रिस्ताशी झालेली ही मधली ओळख मला वगळता येत नाही. दुष्काळात आईवडील गमावण्याचे दुःख त्यांनी स्वतः सोसलेले होते, त्यामुळे भुकेल्या मुलीकडे पाहून त्यांना कळवळा येणे स्वाभाविक होते. परंतु कळवळा एका हंगामापुरता टिकतो आणि तिथे तर वर्षानुवर्षांचे काम होते.

लूकाने दहाव्या अध्यायात वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याचा दाखला संपवल्याबरोबर मार्था आणि मरीया या बहिणींचे घर दाखवले आहे. मला हा क्रम नेहमी थांबवतो. आधी 'जा आणि तसेच कर', आणि लगेच पुढे, कामाच्या धबडग्यात कावलेल्या मार्थेला, प्रभूच्या चरणांशी बसून ऐकणाऱ्या मरीयेचा वाटा तिच्याकडून काढून घेतला जाणार नाही, असे उत्तर. ताई, आपण काकूंकडे जाणे सोडावे असे मी मुळीच म्हणत नाही. परंतु जूनपासून आपण प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस, घेतलेले नाही का, हे मला विचारावेसे वाटते. आपल्या चिडचिडीचे मूळ काकूंच्या बोलण्यापेक्षा तिथे असू शकेल.

उत्तर : वडगाव शेरीतील कॅथलिक वाचक

मी दुसऱ्या परंपरेतला आहे, तरी थोडे लिहितो. आमच्याकडे रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, बंधनकारक आहे आणि कारणाशिवाय ती चुकवणे गंभीर मानले जाते. असे असूनही आजारपण किंवा तान्ह्या मुलाची देखभाल अशा गंभीर कारणाने ती चुकली तर दोष लागत नाही, अशी चर्चची स्पष्ट शिकवण आहे. प्राचीन काळचे ख्रिस्ती धर्मगुरू संत ऑगस्टीन यांनी योहानाच्या शुभवर्तमानावर बोलताना म्हटले आहे की, आज्ञा देण्याच्या क्रमात देवाची प्रीती आधी आहे आणि आचरणाच्या क्रमात शेजाऱ्याची. आपल्या प्रश्नाला याहून थेट उत्तर मला ठाऊक नाही.

एक व्यवहाराची गोष्ट सुचवतो. शोमरोन्याच्या दाखल्यात उतारशाळेच्या मालकाकडे आपले लक्ष फार कमी जाते. शोमरोन्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, त्या माणसाला आपल्या जनावरावर बसवून आणले, रात्रभर त्याची काळजी घेतली, आणि दुसऱ्या दिवशी दोन दीनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, मालकाच्या हाती देऊन तो आपल्या वाटेने गेला. जास्त खर्च झाला तर परत येताना भरीन, असेही सांगून गेला. त्याने काम टाकले नाही, वाटून घेतले. आपल्या इमारतीत असा मालक कोणी आहे का? आणि पाळकसाहेबांना विचारून पाहावे की, घरी अडकलेल्यांना ते प्रभुभोजन देतात तसे रविवारी संध्याकाळी आपल्याला देता येईल का.

प्रश्नकर्त्या भगिनीचे उत्तर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, मी मनापासून आभारी आहे.

केडगावच्या ताईंनी विचारले ते खरे आहे. जूनपासून मी प्रभुभोजन घेतलेले नाही, आणि हे मी स्वतःशी मोजलेसुद्धा नव्हते. काल पाळकसाहेबांना भेटून सांगितले. ते या रविवारी संध्याकाळी घरी येणार आहेत.

लेवीयाचा एकोणिसावा अध्याय मी काकूंकडेच, त्या अंघोळीआधी टेकून बसलेल्या असताना वाचला. मजुराच्या मजुरीच्या वचनापाशी थांबले, कारण मावशींचा पगार मुलाकडून पैसे आले की होतो आणि ते कधी दहा तारखेला येतात, कधी पंधरा, हे मला माहीत होते आणि ती माझी बाब आहे असे कधी वाटले नव्हते. मी काकूंना तसे सांगितले. त्यांनी मुलाला फोन लावायला लावला आणि त्याला बरेच सुनावले. आता पैसे एक तारखेला यायचे ठरले आहे.

तिसऱ्या मजल्यावर महाविद्यालयात शिकणारा एक मुलगा राहतो. महिन्यातले दोन रविवार तो सकाळी काकूंकडे थांबायला तयार झाला. गोळ्यांची डबी, वेळ, उठवताना हात कुठे धरायचा, हे सगळे मी त्याला दाखवले. चहा ओतताना त्याने कप काठोकाठ भरला, तेव्हा मी काही बोलण्याच्या आत काकूच म्हणाल्या, 'अर्धाच ओत रे, सांडतो माझ्याकडून.'