सल्ला हवा: रॉकेट आणि कक्षांचं शास्त्र घरबसल्या शिकायचंय (बजेट २ हजार)

नाईटशिफ्टवाला
नमस्कार मंडळी. डिप्लोमा मेकॅनिकल, वय ३६, साताऱ्यात सीएनसीवर असतो. चांद्रयान-३ उतरल्यापासून डोक्यात किडा शिरलाय की हे सगळं गणितासकट शिकायचं. नोकरी बदलायची नाही, सर्टिफिकेट नको. यूट्यूबवरची अ‍ॅनिमेशनं बघून झाली, त्यात "मग यान आपली कक्षा वाढवतं" म्हणतात आणि पुढे जातात, अरे पण कशी वाढवतं? बारावीचं कॅल्क्युलस गंजलंय, घासलं तर येईल. बजेट दोन हजार, ताणून अडीच. पुस्तक कुठलं, आधी काय नंतर काय?

ध्रुवमत्स्य
आधी टेलिस्कोप घ्या. मी सहा इंची डॉब्सोनियन घेतला, वीस-बावीस हजार गेले पण शनीची कडी दिसली आणि पैसे वसूल. आकाश ओळखीचं नसेल तर पुस्तकं वाचून काय उपयोग.

खडूस_काका
ध्रुवमत्स्य, त्यांना यान कसं जातं ते विचारायचंय, शनी बघायचा नाहीये. आणि बजेट वाचलंत का?

कर्बलवीर
पुस्तकं राहू द्या, कर्बल स्पेस प्रोग्रॅम खेळा. दोन यानं कक्षेत जोडायची तर पुढच्याला गाठायला आपण खालच्या कक्षेत उतरायचं असतं, हे मला कुठल्या सरांनी नाही, त्या गेमने शिकवलं. त्यासाठी मी ग्राफिक्स कार्डवाला लॅपटॉप घेतला, ७० हजारात बसला.

खडूस_काका
घ्या, बजेट आणखी वर गेलं. गेम चांगला आहे, नाही म्हणत नाही, पण त्यातला ग्रह ६०० किमी त्रिज्येचा, कक्षेत जायला ३४०० मी/सेकंद पुरतात. खऱ्या पृथ्वीवर हवा आणि गुरुत्वाकर्षणात वाया जाणारा वेग धरून ९४०० च्या आसपास लागतात. एक्झॉस्टचा, म्हणजे मागून सुटणाऱ्या वायूचा वेग ३ किमी/सेकंद धरा आणि त्सिओल्कोव्स्कीच्या सूत्रात (किती वेगासाठी किती इंधन ते सांगणारं रॉकेटचं मूळ समीकरण) घाला, सुटतानाचं वजन रिकाम्या वजनाच्या २३ पट येतं. म्हणजे एकाच टप्प्यात जायचं तर टाक्या, इंजिन, उपग्रह सगळं मिळून ४ टक्क्यांत कोंबायचं. पीएसएलव्हीला चार टप्पे हौस म्हणून नाही दिलेले.

कर्बलवीर
काका, खऱ्या सूर्यमालेचा मॉड (गेमवर वरून टाकायची भर) असतो, टाकून बघा. न खेळता बोलायचं म्हणजे कमाल आहे.

रिकामटेकडा_इंजिनियर
मूळ प्रश्नावर येतो. बेट, म्युलर आणि व्हाइट यांचं 'फंडामेंटल्स ऑफ अ‍ॅस्ट्रोडायनॅमिक्स', १९७१ चं, अमेरिकन एअर फोर्स अकादमीत शिकवताना लिहिलेलं, डोव्हर छापतं म्हणून बाकीच्यांच्या मानाने स्वस्त. जोडीला एनपीटीईएलवर (आयआयटीवाल्यांची ऑनलाइन लेक्चरं) आयआयटी खरगपूरचा स्पेस फ्लाइट मेकॅनिक्स आणि आयआयटी मद्रासचा रॉकेट प्रोपल्शन, दोन्ही फुकट. कक्षा आधी, इंजिन नंतर.

तुमच्या "कशी वाढवतं" बद्दल: मंगळयानाचं उदाहरण घ्या. ५ नोव्हेंबर २०१३ ला पीएसएलव्हीने सोडलं ते पृथ्वीभोवतीच्या लांबुळक्या कक्षेत, जवळचं टोक २५० किमी आणि लांबचं साधारण साडेतेवीस हजार. यानाचं वजन १३३७ किलो आणि मुख्य इंजिन फक्त ४४० न्यूटनचं, म्हणजे एका दमात निघून जायची ताकदच नाही. म्हणून प्रत्येक वेळी जवळच्या टोकाशी आलं की इंजिन लावायचं. तिथे वेग सर्वात जास्त असतो, आणि तेवढंच इंधन जास्त वेगात असताना जाळलं तर ऊर्जेत पडणारी भर जास्त. इंजिन लागतं जवळच्या टोकाला आणि वर सरकतं ते लांबचं टोक. असं करत करत १ डिसेंबरला २२ मिनिटं इंजिन चालवलं आणि ते मंगळाच्या रस्त्याला लागलं. हे कागदावर सोडवलंत की अर्धा विषय आलाच.

झेरॉक्सग्रस्त
+१, पण पुस्तक ऑनलाइन घेताना जपून. मी कर्टिसचं ऑर्बिटल मेकॅनिक्स "नवीन" म्हणून मागवलं, हातात आली चक्क झेरॉक्स, नेमकी लॅम्बर्टच्या प्रश्नातली (दोन जागा आणि मधला वेळ दिला की कक्षा काढायची) पानं गायब, आणि विक्रेता म्हणतो पाकीट उघडलंत आता परत नाही. वर त्यातले सगळे प्रोग्रॅम मॅटलॅबमध्ये, ते आकडेमोडीचं सॉफ्टवेअर विकतचं. ऑक्टेव्ह फुकट आहे, बरेचसे त्यात चालतात. तसलंच फुकटचं सायलॅब पण चालेल, आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प त्याचा प्रसार करतो.

प्रमाणपत्रधारी
देहरादूनच्या आयआयआरएसचे (इस्रोची रिमोट सेन्सिंग संस्था) ऑनलाइन कोर्स करा, फुकट असतात, माझी सात सर्टिफिकेटं झाली, फ्रेम करून लावलीत.

रिकामटेकडा_इंजिनियर
अभिनंदन, पण ते मुख्यतः रिमोट सेन्सिंग आणि जीआयएस (संगणकावरचे नकाशे). उपग्रहाने काढलेला फोटो कसा वाचायचा ते शिकवतात, तो वर कसा गेला ते नाही. आणि धागाकर्त्याला सर्टिफिकेट नकोच आहे.

अकरावी_क
दादा मला इस्रोत जायचंय, जेईईला कुठला क्लास लावू?

खडूस_काका
वेगळा धागा काढ बाळा. आयआयएसटीला (अंतराळ विभागाचं तिरुवनंतपुरमचं कॉलेज) जेईई अ‍ॅडव्हान्स्ड लागते एवढं लक्षात ठेव आणि मोबाइल ठेवून दे.

फटाका_किंग
सगळं थिअरी थिअरी. साखर आणि सोरा घेऊन मोटर बनवा, आम्ही गावाकडे उडवलंय, शेजारच्यांच्या गंजीपर्यंत गेलं होतं.

झेरॉक्सग्रस्त
असले सल्ले देऊ नका हो. परवान्याशिवाय असलं इंधन बनवणं गुन्हा आहे आणि बोटं जातात ती वेगळी. पाण्याचं रॉकेट करा, बाटली आणि सायकलचा पंप.

ह्यूस्टनकर
आमच्याकडे नासाचं सेंटर गाडीने पंधरा मिनिटांवर, त्यामुळे मुलांना लहानपणापासूनच. असो. एमआयटीचा २००५ चा स्पेस शटलवरचा कोर्स ओपनकोर्सवेअरवर आहे, ज्यांनी शटल बनवलं आणि उडवलं तेच येऊन बोलतात. शिवाय नासाचे जुने रिपोर्ट बरेचसे ऑनलाइन आहेत, फुकट.

ध्रुवमत्स्य
फुकट ते पौष्टिक. तरी टेलिस्कोपचं मी पुन्हा एकदा सांगून ठेवतो.

नाईटशिफ्टवाला
सर्वांचे आभार. तुम्ही सगळे "आधी कक्षा" म्हणताय पण मी इंजिनापासून सुरू करतोय. ह्यूस्टनकरांनी म्हटलेल्या नासाच्या रिपोर्टांत एसपी-१२५ सापडला, ह्युझेल आणि ह्वांग यांचा, लिक्विड रॉकेट इंजिन कसं डिझाइन करायचं त्यावर. पीडीएफ फुकट, गावात प्रिंट काढून स्पायरल केलं, बजेट अजून शिल्लक.

रिकामटेकडा_इंजिनियर
अहो ते साठच्या दशकातलं, सगळं पाउंड-इंचात. आणि कक्षेबद्दल त्यात काही मिळणार नाही. निदान सटनचं रॉकेट प्रोपल्शनवरचं पुस्तक घ्यायचं होतंत.

नाईटशिफ्टवाला
पाउंड-इंचाचं काही नाही, आमच्या शॉपमध्ये अजून थाऊवर (इंचाचा हजारावा भाग) भांडणं होतात. त्यात एक नमुना इंजिन घेऊन शेवटपर्यंत आकडेमोड केलीये ते मला आवडलं. थ्रस्ट साडेसात लाख पाउंडांच्या जरा खाली, चेंबर प्रेशर १००० पीएसआय (पाउंड दर चौरस इंच), थ्रस्ट कोइफिशंट (नॉझलमुळे जोर किती पट होतो तो आकडा) १.५३. थ्रस्टला त्या दोन्हींच्या गुणाकाराने भागलं, थ्रोटचं (नॉझलचा सर्वात अरुंद भाग) क्षेत्रफळ ४८८ चौरस इंच, म्हणजे व्यास पंचवीस इंचांना जरासा कमी. एवढा बोअर आमच्या मशीनवर बसतो, तेव्हा पहिल्यांदा ही वस्तू खरी वाटली. कक्षा दिवाळीनंतर बघू, एनपीटीईएलचं खुणेला लावून ठेवलंय.

खडूस_काका
बोअर बसेल हो, पण ते चेंबर आतून थंड कसं ठेवणार? भिंत म्हणजे शेजारी शेजारी ब्रेझ केलेल्या नळ्या असतात, त्यातून इंधनच फिरवतात. तो भाग वाचून झाला की लिहा, मलाही नळ्यांची जाडी कशी काढतात ते नीट समजून घ्यायचंय.