शब्दचर्चा: 'बॉटम फिशिंग क्लोजर'ला मराठीत काय म्हणावं?

भाषांतरवाली

नमस्कार मंडळी. एका साप्ताहिकासाठी युरोपातल्या समुद्राबद्दलचा मजकूर मराठीत आणतेय. युरोपीय संघाने सप्टेंबर 2022मध्ये ईशान्य अटलांटिकातली 87 क्षेत्रं बॉटम फिशिंगसाठी, म्हणजे तळाला लागणाऱ्या साधनांनी होणाऱ्या मासेमारीसाठी बंद केली. आयर्लंड, फ्रान्स, स्पेन, पोर्तुगालच्या बाजूचं पाणी, 400 ते 800 मीटर खोलीचा पट्टा. सगळी क्षेत्रं मिळून 16,419 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याहून थोडं जास्त. कारण, तिथे तळावर प्रवाळ आणि स्पंज आहेत. संपादकांनी सुचवलंय 'खोल समुद्रातील मासेमारीस बंदी'. मला ते पटत नाहीये, पण त्याहून बरं काही सुचतही नाहीये.

मिरकरवाड्याचा

नाही पटत तेच बरोबर. खोल वेगळं, तळ वेगळा. आमच्याकडे कोळंबीचे ट्रॉलर दहा-पंधरा वावांत जाळं तळाला घासत नेतात. तळाचीच मासेमारी, पण खोल कुठे आहे? उलट कुप्याच्या (ट्यूना माशाच्या) मागे लांब जाणाऱ्या बोटी हजार मीटरहून खोल पाण्यावर असतात, पण त्यांचे गळ वरच्या पाण्यात. तळाशी त्यांचा काडीचा संबंध नाही. आणि सरकारी कागदात 'खोल समुद्रातील मासेमारी' म्हणतात ती या दुसऱ्यांनाच! संपादकांचा मथळा वाचून इथला माणूस समजेल की युरोपने कुपा बंद केला.

उगाचच

मग 'ट्रॉलिंगबंदी' म्हणा की. सगळ्यांना कळतं.

बर्गनकर

उगाचच, ते दोन्ही बाजूंनी चुकतं. एक, सगळे ट्रॉल तळाला लागत नाहीत. मधल्या पाण्यातून ओढायचेही ट्रॉल असतात. दोन, या 87 क्षेत्रांत ट्रॉलबरोबर तळाला लागणारी बाकीची साधनंही बंद आहेत. तळाशी सोडायची गळांची लांब दोरी, तळाशी उभी करायची जाळी, सापळे, सगळंच.

आणि खरं भांडण यावरच झालं. संघाचा मूळ कायदा 2016चा. त्याने 800 मीटरहून खोल तळावर ट्रॉल ओढायला सरसकट मनाई केली. 400 मीटरहून खोल जिथे असे जीव आहेत किंवा असण्याची शक्यता आहे, तिथे मात्र तळाची सगळीच साधनं बंद करायची, असा त्यातला दुसरा भाग. 2022मध्ये त्याची यादी आली आणि स्पेनमधल्या गॅलिसियाच्या बंदरांतून हेक नावाचा मासा पकडायला जाणारे गळवाले खवळले. त्यांचं म्हणणं, आम्ही काही ओढत नाही, दोरी सोडतो आणि उचलतो. आम्हाला ट्रॉलवाल्यांच्या पंक्तीला का बसवता? स्पेन सरकार युरोपीय संघाच्या जनरल कोर्टात गेलं. जून 2025मध्ये कोर्टाने दावा फेटाळला. तेव्हा भाषांतरात 'ट्रॉलिंगबंदी' लिहिलंत तर स्पेन नेमकं कशासाठी कोर्टात गेलं हे वाचकाला कळायचंच नाही.

गळवाल्यांची बाजू अगदीच पोकळ नाही, हेही सांगतो. ट्रॉलचं तोंड उघडं ठेवायला दोन्ही बाजूंना लोखंडी फळ्या असतात, मोठ्या बोटींवर टनावारी वजनाच्या. त्या तळ नांगरत जातात. जाळ्याच्या खालच्या दोरावर रबराचे किंवा लोखंडाचे गोळे ओवलेले असतात, म्हणजे खडकावरूनही जाळं न अडकता उड्या मारत जावं. गळांची दोरी त्यामानाने कितीतरी सौम्य. पण ती उचलताना आडवी सरकली की प्रवाळाच्या फांद्या मोडतात, हेही तितकंच खरं.

भाषांतरवाली

बर्गनकर, नेमकं हेच हवं होतं. पण प्रवाळ आणि 800 मीटर? वाचक म्हणतील, प्रवाळ तर उथळ, उबदार, उन्हातल्या पाण्यात असतात ना?

बर्गनकर

ते शैवालाच्या सोबतीने जगणारे. अंधारातले वेगळे. वाहत्या पाण्यातून येईल ते खातात, त्यांना ऊन लागत नाही. नॉर्वेत लोफोतेनच्या बाहेर रॉस्ट नावाची प्रवाळाची रांग आहे. 2002मध्ये सापडली, 300-400 मीटर खोलीवर, लांबी पस्तीसेक किलोमीटर. पुढच्याच वर्षी तिथे तळाचा ट्रॉल बंद झाला. त्याआधी 1999मध्ये सूला इथल्या प्रवाळाला असंच संरक्षण दिलं होतं. त्या काळात इथल्या शास्त्रज्ञांचा अंदाज होता की नॉर्वेच्या पाण्यातल्या 30 ते 50 टक्के प्रवाळाला आधीच धक्का लागलाय. हा प्रवाळ वर्षाला काही मिलिमीटर वाढतो, फार तर दोन-अडीच सेंटिमीटर. हवाईजवळच्या काळ्या प्रवाळाच्या एका नमुन्याचं वय तर सुमारे 4,265 वर्षं निघालंय.

जुना पेठकर

जरा अवांतर. ज्योतिषी मंगळासाठी अंगठीत घालायला सांगतात ते लाल पोवळं भूमध्य समुद्रातलं. ते काढायला पूर्वी लाकडाचा मोठा क्रूस करून त्याला जाळ्यांच्या चिंध्या बांधत आणि तळावरून ओढत. तुटलेलं पोवळं चिंध्यांत अडकून वर येई, बाकीचं तिथेच मोडून पडे. युरोपने 1994मध्ये त्यावर बंदी घातली. याच भूमध्यात 1000 मीटरहून खोल तळावर ट्रॉल ओढायला 2005पासून मनाई आहे. म्हणजे हा विषय आपल्या बोटापासून वाटतो तितका लांब नाही. असो, आता शब्दाकडे.

शुद्धलेखनशत्रू

माझ्या मते अडचण 'क्लोजर'ची आहे. 'बंद क्षेत्र' म्हटलं की वाटतं तिथे जहाजालाही जाता येत नाही. 'राखीव' म्हटलं की जंगल किंवा मतदारसंघ आठवतो. नुसतं 'बंदी' म्हटलं तर किनाऱ्यावरच्या माणसाला 1 जून ते 31 जुलैची पावसाळी बंदी आठवणार. ती सगळ्या समुद्राला असते, पण ठरावीक दिवसांपुरती. इथे उलट आहे: दिवस सगळे, जागा ठरावीक.

आपल्याकडे याला तयार साचा आहे. हिवरेबाजारने गाजवलेले शब्द आठवा, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी. चराईबंदी म्हणजे डोंगर बंद नव्हे. माणसं जातात, गवत कापून आणतात, फक्त गुरं सोडायची नाहीत. जागा ठरलेली आणि मनाई एका कामाला. इथेही तेच. वरून जहाज जाईल, वरच्या पाण्यात बांगड्यासारखे मासे धरता येतील. तळाला हात लावायचा नाही. तेव्हा 'तळमासेमारीबंदी' किंवा थोडक्यात 'तळबंदी'.

उगाचच

'तळबंदी' छापलंत तर लोक मुद्रितशोधकाला शिव्या घालतील. 'टाळेबंदी'चं चुकून झालं म्हणून.

मिरकरवाड्याचा

हाहा, खरंय. 'तळमासेमारीबंदी' लांब आहे, पण खुलासा लागत नाही. मला चालेल.

भाषांतरवाली

घेतला. आता मूळ मजकुरात या जागांना 'व्हल्नरेबल मरीन इकोसिस्टिम' म्हटलंय. 'संवेदनशील सागरी परिसंस्था' चालेल?

जुना पेठकर

'संवेदनशील' नको हो. आपल्या वर्तमानपत्रांनी तो शब्द मतदान केंद्रांना आणि दंगलीला दिला. 'संवेदनशील भागात बंदोबस्त वाढवला.' वाचकाला समुद्राच्या तळाशी राखीव पोलीस दल दिसेल.

बर्गनकर

शब्दाला मागे इतिहास आहे म्हणून थोडं लांबवतो. 2006च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव 61/105 केला: खुल्या समुद्रात, म्हणजे कुठल्याच देशाच्या हद्दीबाहेर, अशा जागा असतील तिथे तळाची मासेमारी सांभाळून करा, नाहीतर जागा बंद करा. मग 2008मध्ये अन्न व कृषी संघटनेने मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात व्हल्नरेबल म्हणजे नुसतं नाजूक नाही. धक्का लागला तर किती बिघडेल आणि सावरेल का, कधी सावरेल, अशा दोन्ही गोष्टी त्यात येतात. शिवाय धोका साधनागणिक ठरतो. वरून जाणाऱ्या जहाजाने त्या प्रवाळाचं काही बिघडत नाही, तळाच्या ट्रॉलने बिघडतं. 'नाजूक'मध्ये पहिला अर्धा भाग येतो, दुसरा सुटतो.

शुद्धलेखनशत्रू

मग पहिल्यांदा 'लवकर मोडणाऱ्या आणि उशिरा सावरणाऱ्या तळजीवांच्या जागा' असं फोडून लिहा आणि पुढे 'नाजूक तळजीवन' म्हणत राहा. पारिभाषिक कोशाला नको असेल, पण साप्ताहिकाला पुरे.

उगाचच

'तळागाळातले जीव' म्हणा की! शब्दशः तिथलेच आहेत.

भाषांतरवाली

उगाचच, हे मथळ्यासाठी ठेवते. शेवटचं एक. 'मूव्ह-ऑन रूल'.

बर्गनकर

म्हणजे बंद नसलेल्या जागेत जाळ्यात ठरावीक वजनापेक्षा जास्त प्रवाळ वा स्पंज आला तर बोटीने तिथून हटायचं. ईशान्य अटलांटिकाच्या खुल्या समुद्रात ट्रॉलसाठी ही मर्यादा जिवंत प्रवाळाला 30 किलो आणि स्पंजाला 400 किलो, आणि दोन सागरी मैल दूर जायचं. मला हा नियम कधीच पुरेसा वाटला नाही. मोडलेलं बरंचसं जाळ्यातून खालीच गळून राहतं. 30 किलो वर येईपर्यंत खाली काय झालं असेल कोण जाणे. म्हणून आधीच जागा ठरवून बंद करणं बरं.

मिरकरवाड्याचा

'पुढे सरका' नियम. एसटीच्या कंडक्टरने आधीच भाषांतर करून ठेवलंय.

भाषांतरवाली

तर वाक्य असं झालं: "युरोपीय संघाने 87 क्षेत्रांत तळमासेमारीबंदी लागू केली असून 800 मीटरखालील ट्रॉलिंगला आधीपासूनच मनाई आहे." ठीक?

शुद्धलेखनशत्रू

'800 मीटरखालील' बदला. पाचशे रुपयांखालील वस्तू म्हणजे स्वस्त वस्तू, तसं 800 मीटरखालील म्हणजे उथळ, असं निम्मे लोक वाचतील. 'तळाचा ट्रॉल 800 मीटरहून अधिक खोलीवर ओढण्यास' असं करा.

भाषांतरवाली

केलं. पाठवते संपादकांना.