मदत हवी आहे: जुनाट दुखण्याच्या पेशंटचा पेन स्कोअर कसा नोंदवता?

नमस्कार मंडळी. मी जळगाव जिल्ह्यात स्टाफ नर्स आहे. नर्सिंगमधलं किंवा पेन क्लिनिकमधलं कोणी इथे असेल तर सल्ला हवाय.

चार्टवर शून्य ते दहाचा पेन स्कोअर लिहायचा असतो. ऑपरेशनच्या पेशंटला तो चालतो. अडतं ते तीन महिन्यांच्या वर, काहींना तर वर्षानुवर्षं दुखतं त्यांच्या बाबतीत. गुडघे, कंबर, शुगरमुळे तळपायांची आग. बहुतेक साठीच्या पुढच्या बायका, जन्म कापूस वेचण्यात आणि निंदणीत गेलेला. "दहापैकी किती, मावशी?" विचारलं की, "तूच लिखी ले माय, भलतं दुखस." मग ड्यूटीवरची सिस्टर अंदाजाने पाच लिहिते. पुढच्या ड्यूटीलाही पाचच.

त्यात पेशंट बसून गप्पा मारत असतो, नाडी-बीपी नॉर्मल. लगेच "नाटकं आहेत" असा शेरा. जुनाट दुखण्यात नाडी-बीपीवरून काही ठरत नाही, हे आम्ही सगळ्या शिकलोय, पण राऊंडला बोलायची हिंमत कोण करणार!

सध्या मी आकड्याऐवजी कामं विचारते. कूस बदलताना जाग येते का, संडासला बसून उठता येतं का, भाकरी थापायला किती वेळ बसवतं. आग, मुंग्या, करंट असं काही म्हणाल्या तर डॉक्टरांना मुद्दाम सांगते, कारण नसेच्या दुखण्याला साध्या पेनकिलरचा फारसा उपयोग नसतो. गोळ्यांची पिशवीही आणायला लावते, आणि हे तुम्हीही कराच. बीपीच्या गोळ्यांसोबत मेडिकलवरून परस्पर घेतलेली डायक्लोफेनॅक ही पेनकिलर निघते, कधी दोन कंपन्यांच्या नावाने तीच. मग पोटात रक्तस्राव किंवा किडनीला त्रास तर नाही ना, म्हणून शौच काळी होते का, लघवी कमी झाली का, पायांवर सूज आहे का, सगळं विचारावं लागतं.

आता प्रश्न. पीईजी स्केल कोणी मराठीत वापरलंय का? त्यात गेल्या आठवड्यातलं दुखणं, आयुष्याच्या आनंदात अडथळा आणि रोजच्या कामात अडथळा, असे तीनच प्रश्न आहेत. आनंदाचा विचारला तर एक आजी हसतच सुटल्या. शिवाय ही कामाची माहिती चार्टवर कुठे लिहिता? आणि सिकलसेलच्या (रक्ताचा आनुवंशिक आजार) पेशंटचं रोजचं दुखणं आणि क्रायसिस, म्हणजे अचानक उठणारं जोराचं दुखणं, वेगळं कसं नोंदवता?

प्रतिसाद:
ताई, मी नंदुरबारकडे आहे. आनंदाऐवजी आम्ही विचारतो, "आठवडे बाजार, लग्नकार्य सोडलं का?" लगेच उत्तर येतं. नर्सिंग नोट्समध्ये पेशंटचं वाक्य जसंच्या तसं लिहा आणि दर वेळी तेच काम पुन्हा विचारा, म्हणजे फरक दिसतो. सिकलसेलवाल्याला सरळ विचारा, "हे नेहमीचं की वेगळं?" त्याला नेमकं कळतं. ताप, छातीत दुखणं किंवा दम लागत असेल तर स्कोअर नंतर लिहा, आधी डॉक्टरांना बोलवा.