साधं पॅक्लिटॅक्सेल आणि नॅब-पॅक्लिटॅक्सेल, फरक काय?

शंकासूर: आत्याला पॅन्क्रियाजचा कॅन्सर आहे, डॉक्टर म्हणतायत जेमसायटाबिन या दुसऱ्या केमोच्या औषधासोबत नॅब-पॅक्लिटॅक्सेल देऊ. शेजारच्या काकूंना ब्रेस्टसाठी साधं पॅक्लिटॅक्सेल दिलेलं. मग हे काय वेगळंय, की नॅनो म्हणून नुसतंच महाग?

फार्मावाली: औषध एकच हो. मूळ पॅसिफिक यू झाडाच्या सालीतलं, पण पाण्यात जवळपास विरघळतच नाही, म्हणून साधं वालं एरंडेलापासून बनवलेल्या क्रेमोफोर आणि अल्कोहोलमध्ये देतात आणि अ‍ॅलर्जीचा बराचसा त्रास त्या क्रेमोफोरचाच, त्यासाठी आधी स्टेरॉइड वगैरे, वर बऱ्याचदा 3 तास सलाइन. नॅबमध्ये तेच औषध अल्ब्युमिनला, म्हणजे रक्तात असतंच त्या प्रोटीनला, बांधून साधारण 130 नॅनोमीटरचे कण करतात, क्रेमोफोर नकोच, अर्ध्या तासात आटपतं. अमेरिकेत 2005 ला ब्रेस्टसाठी मंजुरी, 2013 ला पॅन्क्रियाजसाठी.

खान्देशी_मिरची: अवांतर: टॅक्सॉल (म्हणजे हेच पॅक्लिटॅक्सेल) शोधणाऱ्या वॉल-वाणी या शास्त्रज्ञ जोडीतले मनसुख वाणी आपल्या नंदुरबारचे बरं का!! 1971 चा पेपर.

शंकासूर: भारीच की. मग साइड इफेक्ट नाहीत ना? आणि काका हळदीच्या नॅनो कॅप्सूल द्या म्हणून मागे लागलेत...

फार्मावाली: आहेत की, हातापायाला मुंग्या, केस गळणं, पांढऱ्या पेशी कमी होणं. ताप आला तर रात्र असली तरी लगेच हॉस्पिटलला फोन. हळदीतलं कर्क्युमिनही पाण्यात विरघळत नाही म्हणून त्याच्या नॅनोवर लॅबमध्ये प्रयोग ढीगभर, पण कॅन्सरवर मंजूर औषध म्हणून नाही. केमो चालू असताना ऑन्कॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय अजिबात नको, काकांना माझं नाव सांगा हवं तर 😄