कमी मैल म्हणजे चांगली गाडी? स्पायडरच्या बाबतीत नाही

वापरलेली स्पायडर आरटी (कॅन-ॲम कंपनीची पुढे दोन आणि मागे एक चाक असलेली तीनचाकी, लांबच्या प्रवासासाठीचं मॉडेल) घेऊ पाहणाऱ्याला 'मैल कमी आहेत, 2012 ची डोळे झाकून घे' असा सल्ला कुणीतरी दिला, तो मला पटत नाही. कॅन-ॲमने 2014 पासून आरटीला जुन्या 998 सीसी व्ही-ट्विनऐवजी (दोन सिलिंडरच्या इंजिनऐवजी) 1330 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन दिलं. हायवेवर ते कमी आरपीएमवर निवांत चालतं. लांबच्या प्रवासासाठीच घेणार असाल, तर थोडे जास्त मैल झालेली 2014 किंवा त्यानंतरचीच बघा. माझं मत ठाम आहे.

दुसरं म्हणजे टायर. पुढची दोन चाकं वर्षानुवर्षं टिकतात, मागचं मात्र लवकर झिजतं आणि तेही मधोमध, कारण ही गाडी वळणावर मोटारसायकलसारखी कलत नाही. त्यामुळे खाली वाकून मागच्या टायरचा मधला पट्टा बघाच. टायरच्या बाजूला 'DOT' ने सुरू होणारा कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे टायर कधी बनला ते सांगतात, '2315' म्हणजे 2015 चा 23 वा आठवडा. गॅरेजमध्ये उभ्या राहिलेल्या गाडीचं रबर मैल न होताही म्हातारं होतं. आणि अमेरिकेत घेत असाल तर पैसे देण्याआधी व्हिन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक) एनएचटीएसए या तिथल्या सरकारी वाहन-सुरक्षा संस्थेच्या साइटवर टाका, राहिलेले रिकॉल (दोषामुळे कंपनीने जाहीर केलेल्या, पण या गाडीत न झालेल्या दुरुस्त्या) फुकट कळतात.