पायलट झाला, आता सहाशे यंत्रांवर आयओटी कसे न्यावे?

रबाळे-देखभाल

नमस्कार. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका मोठ्या कंपनीत मी देखभाल विभाग पाहतो. गेल्या वर्षी आम्ही पंप, ब्लोअर आणि कॉम्प्रेसर मिळून चोवीस यंत्रांवर प्रयोग (पायलट) म्हणून आयओटी, म्हणजे यंत्राचे कंपन व तापमान मोजून नेटवर्कवरून पाठवणारे बिनतारी सेन्सर, बसवले. पुरवठादाराने करून दिलेला डॅशबोर्ड वरिष्ठांना आवडला आणि आता तीनही कारखान्यांतील सुमारे सहाशे यंत्रे त्यावर आणावीत असा आदेश निघाला आहे. माझी अडचण अशी, की पहिल्या चोवीस यंत्रांचाच हिशेब मला लागत नाही. एका कॉम्प्रेसरचे बेअरिंग जाण्याआधी अकरा दिवस इशारे येत होते, हे आम्हाला बेअरिंग गेल्यावर कळले. आयटी विभागाचे म्हणणे आहे की आधी प्लॅटफॉर्म, म्हणजे सेन्सरच्या नोंदी साठवणारी आणि दाखवणारी प्रणाली, निवडावा, बाकीचे मागाहून पाहता येईल. अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे, की कोणत्या गोष्टी आधी ठरवाव्यात?

वागळे इस्टेटकर

ते अकरा दिवस इशारा नेमका कोणाकडे जात होता, हे प्रथम शोधून काढा. आमच्याकडे तो व्यवस्थापकांच्या ईमेलवर जात असे, आणि यंत्राला हात लावणाऱ्या पाळीच्या फिटरकडे कंपनीचा ईमेलच नव्हता. पुढे आम्ही प्रत्येक इशाऱ्यातून देखभालीच्या प्रणालीत थेट कामाची नोंद निघेल अशी व्यवस्था केली, आणि ती कोणी, किती तासांत पाहायची हे लेखी ठरवले. खरा वाद मात्र यंत्र थांबवण्याच्या अधिकारावरून झाला. उत्पादन विभागाला महिनाअखेरीस एकही यंत्र बंद नको असते, त्यामुळे कोणत्या पातळीच्या वर गेल्यास शिफ्ट इन्चार्ज कोणालाही न विचारता यंत्र थांबवू शकतो, यावर दोन्ही विभागप्रमुखांच्या सह्या घ्याव्या लागल्या. त्या सह्या मिळायला सेन्सर बसवण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

दुसरे असे, की आमच्या पुरवठादाराने सगळ्या यंत्रांना कंपनाची ४.५ मिलिमीटर प्रति सेकंद अशी एकच मर्यादा लावून दिली होती. पिस्टनचा कॉम्प्रेसर मुळातच सेंट्रिफ्युगल पंपापेक्षा जास्त थरथरतो, त्यामुळे तो तासातासाला ओरडू लागला आणि आठवडाभरात लोकांनी सूचनाच बंद करून टाकल्या. यंत्र ठणठणीत असताना काही आठवडे मोजमाप घ्यावे आणि मगच त्याची मर्यादा ठरवावी.

शिवाय सहाशे हा आकडा आला कुठून? ज्या पंपाला शेजारीच राखीव पंप जोडलेला आहे, तो बिघडल्यावर बदलला तरी फारसे अडत नाही. विजेचा वापर मोजण्यासाठी तर नवे काही विकत घेण्याआधी पॅनेल उघडून पाहा. आजच्या बहुतेक ऊर्जा मीटरना आरएस-४८५ हा माहिती बाहेर काढण्याचा पोर्ट असतो आणि ते मॉडबस ही यंत्रांमधील संवादाची १९७९ पासून चालत आलेली भाषा बोलतात. फक्त त्या पोर्टला वायर जोडलेली नसते, एवढेच.

महापे-नेटवर्क

मी आयटीच्या बाजूचा आहे, म्हणून थोडा वेगळा सूर लावतो. प्लॅटफॉर्मची निवड पहिली नसेल, पण ती मागाहून पाहण्याइतकी किरकोळही नाही. एमक्यूटीटी किंवा ओपीसी यूए यांसारख्या खुल्या पद्धतीने माहिती बाहेर काढता येत नसेल, तर तीन वर्षांनी पुरवठादार बदलताना सगळा इतिहास त्याच्याकडेच अडकून राहतो. नोंदींची मालकी कोणाची, हे करारात स्पष्ट लिहून घ्या.

सुरक्षेचेही असेच आहे. २०१६ मध्ये मिराई या घातक प्रणालीने लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते बहुतांशी कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदललेच नव्हते म्हणून. तेव्हा सेन्सरचे गेटवे (त्यांची माहिती गोळा करून पुढे पाठवणारी उपकरणे) कार्यालयाच्या जाळ्यापासून आणि पीएलसीच्या, म्हणजे यंत्रे चालवणाऱ्या नियंत्रकांच्या, जाळ्यापासूनही वेगळे ठेवा, आणि पुरवठादाराचा दूरस्थ प्रवेश काम संपले की बंद करा. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय सरकारी संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग, म्हणजे संगणक प्रणालींच्या नोंदी, १८० दिवस जपावे लागतात. रात्रीच्या पाळीत ती जबाबदारी कोणाची, हे आजच ठरवून ठेवा.

तुर्भे-इन्स्ट्रुमेंट

रसायनांचे काम असेल तर एक गोष्ट विसरू नका. ज्वालाग्राही वाफा असण्याची शक्यता असलेल्या भागात साधा बॅटरीवरचा सेन्सर चालत नाही; तो त्या क्षेत्रासाठी प्रमाणित आणि पेसोची (स्फोटक व ज्वालाग्राही पदार्थांच्या सुरक्षेची केंद्रीय संस्था) मान्यता असलेला हवा. आमच्याकडे चाळीस सेन्सर आल्यावर हे कोणाच्या तरी ध्यानात आले आणि ते अजून स्टोअरमध्ये पडून आहेत. बॅटरीचे गणितही मांडा. ती तीन वर्षे टिकली असे धरले तरी सहाशे सेन्सर म्हणजे वर्षाला दोनशे बॅटऱ्या, दर आठवड्याला जवळपास चार. हे काम कोणाच्याही वेळापत्रकात नसते.

रबाळे-देखभाल

सर्वांचे आभार. चौकशी केली. इशारे ज्या ईमेलवर जात होते तो आमच्या एका अभियंत्याचा होता, आणि त्याची बदली सेन्सर बसवल्यावर दोनच महिन्यांनी दुसऱ्या कारखान्यात झाली होती. राखीव जोडी असलेली यंत्रे वगळून नवी यादी केली, तर ती सत्तरच्या आसपास येते. आता सहाशेचे सत्तर झाले, हे वरिष्ठांना कसे सांगावे?

वागळे इस्टेटकर

आकड्यापासून सुरुवात करू नका. तो कॉम्प्रेसर किती तास बंद होता आणि त्या तासांत किती माल निघाला नाही, एवढे एका कागदावर मांडून न्या, आणि सत्तरांची यादी त्याच्या खाली जोडा.