माटोळी ‘सेट’ झाली का?

फोंड्याची शिक्षिका
चवथीच्या आदल्या रात्री आमची माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, होत आली होती. सुपारीचे कातरे, नारळ, कांगलां, तोरिंजन असं एकेक करून केवणीच्या दोराने चौकटीला बांधलं. ओला दोर आवळताना बोटाला वळ उठतात. तेवढ्यात खालून भाच्याने विचारलं, “मावशी, माटोळी सेट झाली का?” मनाला लागलं. माटोळी बांधतात. त्या एका शब्दात सगळ्या गाठी आहेत.

त्यानंतर माझे कान तिकडेच. दही सेट, केस सेट, बेत सेट, मुलगा दुबईत सेट. अरे, दही लागतं, केस बसतात, बेत ठरतो, मुलगा मार्गी लागतो. एक शब्द आला आणि चार क्रियापदं घराबाहेर गेली. मला ही भर वाटत नाही, तूट वाटते.

म्हापशेकर
ताई, मला पटत नाही. ‘सेट’ हा साधासुधा शब्द नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या 1989 च्या वीस खंडी आवृत्तीत सर्वांत लांब नोंद याचीच होती, अर्थ 430. (पुढे नव्या आवृत्तीच्या कामात ‘रन’ने 645 अर्थांवर जाऊन त्याला मागे टाकलं.) इतका लवचीक शब्द कुठेही शिरणारच. गोव्यात 1510 ते 1961 पोर्तुगीज होते. ते गेले, पण पगार, चावी, घमेलं आपल्याकडेच राहिलं. चावी म्हटल्याने मराठी बुडाली का?

फोंड्याची शिक्षिका
ती नामं आहेत, वस्तूबरोबर आली. क्रियापद गेलं की ते काम कसं होतं, तेच बोलण्यातून जातं. विरजण लावलं म्हणजे कुणीतरी कोमट दुधात चमचाभर दही घालून भांडं झाकून ठेवलं. ‘सेट केलं’ यात ते हात कुठे दिसतात?

पणजीत नोकरीला
वयाने लहान आहे, तरी बोलते. ‘मुलगा मार्गी लागला’ असं आई-बाबा लांबून बघून म्हणतात. मी स्वतःबद्दल ‘सेट झाले’ म्हणते तेव्हा नोकरी टिकली, भाड्याची का होईना खोली मिळाली, महिनाअखेर उसने मागावे लागत नाहीत, हे सगळं त्यात असतं. त्यासाठी मला दुसरा शब्द सापडलेला नाही.

डिचोलीचा मुद्रितशोधक
इंग्रजीत ‘सिट’ म्हणजे बसणे आणि त्याचंच प्रयोजक ‘सेट’, म्हणजे बसवणे. (समूह या अर्थाचा ‘सेट’ निराळा. तो लॅटिन ‘सेक्टा’पासून जुन्या फ्रेंचमार्गे आला आणि यात मिसळला. गणितात आपण त्याला संच म्हणतो.) आता आपलं बसवणे बघा: मोडलेलं हाड, अंगठीत खडा, नाटक, कर, जम, विस्कटलेल्या संसाराची घडी. त्याच्या जोडीला लावणे घ्या: घड्याळ, सापळा, आग, शेतात तरवा. तिकडे हाड, खडा, घड्याळ, सापळा, आग या सगळ्यांना ‘सेट’च चालतो. म्हणजे त्याचं निम्मं काम आपले दोन शब्द कधीपासून करताहेत. कोशातला आकडा बघून आपण दिपतो, पण घरातल्या शब्दांचे अर्थ मोजायला बसत नाही.

म्हापशेकर
‘सिट’ आणि संस्कृत ‘सद्’ एकाच मुळाचे, असं वाचलंय. मग ‘बसणे’ही तिथलंच ना?

डिचोलीचा मुद्रितशोधक
‘सिट’ आणि ‘सद्’ एका कुळातले हे खरं. सदन, उपनिषद त्यातूनच. पण आपलं बसणे, जुनं बैसणे, हे ‘उपविश्’पासून. चाल सारखी, मूळ वेगळं.

फोंड्याची शिक्षिका
पणजीच्या बाय, तुझं म्हणणं मला मोडता येत नाही. तू तो शब्द तुझ्या कष्टाने मिळवला आहेस, तो वापर. माझं भांडण दह्यासाठी आणि माटोळीसाठी आहे.

म्हापशेकर
शब्द अडवू नयेत, हे माझं मत कायम आहे. मात्र एक गोष्ट आज ध्यानात आली. वीस वर्षं जत्रेच्या नाटकांत काम करतोय. दुसऱ्या अंकाआधी पडद्यामागून आमची एकच हाक असते, “सेट लावा!” ‘सेट’ तिकडचा, पण तो उभा राहतो ‘लावा’ म्हटल्यावरच. “सेट सेट करा” असं अजून एकाही पोराच्या तोंडून ऐकलेलं नाही.